12 वर्षांचा अनुभव तीन विशेषणांत कसा बुडवावा

क्षेत्र बदलू पाहणाऱ्या उमेदवारांना सविनय सल्ला असा, की मुलाखतीला जाताना आपण आपला अनुभव घरीच ठेवावा आणि सोबत फक्त विशेषणे न्यावीत. ‘माझे संवादकौशल्य उत्तम आहे, मी टीम प्लेअर आहे, मला मल्टिटास्किंग जमते’ एवढे पुरे. गेल्या आठवड्यात मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून मी दिवसभरात 9 उमेदवारांकडून हेच ऐकले, आणि शेवटच्या दोघांची वाक्ये तर मी मनातल्या मनात त्यांच्याआधीच पूर्ण करत होते.

जाहिरात अजिबात वाचू नये. पदावर नेमके काय काम करायचे आहे हे तिच्यात लिहिलेले असते, आणि ते कळले तर आपल्या कोणत्या कामाचा दाखला द्यावा हेही कळून बसण्याचा धोका असतो.

‘क्षेत्र का बदलता?’ असे विचारताच जुन्या साहेबांची यथेच्छ निंदा करावी.

आकडा आणि प्रसंग मात्र कटाक्षाने टाळावेत. मनुष्यबळाच्या नियोजनाच्या पदासाठी आलेल्या एका बाईंनी हा नियम फारच निष्ठेने पाळला. त्या रुग्णालयात 12 वर्षे परिचारिका होत्या, त्यांतली शेवटची काही वर्षे वॉर्डच्या इन्चार्ज. त्या कामाचा इथे काय उपयोग होईल, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मी मेहनती आहे आणि लवकर शिकते.” एखादा प्रसंग सांगा म्हटले, तर म्हणाल्या, “तसे बरेच आहेत.” त्या निघताना मी सहज विचारले, की वॉर्डात ड्यूटी कोण लावत असे, तेव्हा कुठे कळले की 26 जणींची तीन पाळ्यांची ड्यूटी दर महिन्याला त्याच लावत, आणि ऐन वेळी दोघी आजारी पडल्या तरी रात्रपाळी रिकामी राहू देत नसत. अहो, आम्ही माणूस शोधत होतो तो याच कामासाठी! पाळी बदलताना रुग्णाची सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, मूल्यमापन आणि शिफारस याच क्रमाने सांगायची ‘एसबीएआर’ पद्धत त्या रोज वापरत, हेही तेव्हाच कळले. ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. पाणबुडीतली शिस्त रुग्णालयात येऊन रुजली, पण रुग्णालयातली शिस्त कार्यालयात चालेल हे ती रोज पाळणाऱ्या बाईंना सुचू नये? माझ्या सहकाऱ्यांनी तोवर गुण भरून पुढचा अर्ज उघडला होता. त्यांपैकी एकाने बाईंचा अर्ज त्यांच्यासमोरच पहिल्यांदा वाचला आणि वर ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ हेही विचारले. ते आमचे पाप, आणि ते मी नाकारत नाही.

पण तुमचे काय? प्रसंग कोणता होता, तुमच्यावर काय सोपवले होते, तुम्ही स्वतः काय केलेत आणि त्याचे काय झाले, या चार गोष्टी सांगायला दोन मिनिटे लागतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मांडणीला ‘स्टार’ म्हणतात आणि ती गुपित नाही. जाहिरातीतल्या प्रत्येक अपेक्षेसमोर आपल्या जुन्या कामातला एक प्रसंग लिहून काढा, आणि जिथे काही सुचणार नाही तिथे ‘हे मला येत नाही, शिकावे लागेल’ असे सरळ सांगा, कारण नवे सॉफ्टवेअर शिकवता येते, पण 26 माणसे सांभाळणे आम्ही कुणाला महिन्याभरात शिकवू शकत नाही. ‘वॉर्ड’, ‘ड्यूटी’ हे शब्द समोरच्याला कळतील अशा शब्दांत बदलणे हे तुमचे काम आहे. नम्रतेचे कारण सांगू नका. ‘मी उत्तम नेतृत्व करते’ म्हणताना ती नम्रता कुठे गेली होती?

ते पद अखेर ज्यांना मिळाले, त्यांनी आजवर फक्त 6 जणांचे वेळापत्रक लावले होते. त्यांनी ते दुसऱ्याच मिनिटाला सांगितले.