थडग्यातल्या बापाला ‘नाही’ म्हणता येत होतं

गेमवाल्या मित्रमैत्रिणींनो, चिडणार असाल तर चिडा. पण शापित तलवार आणि तिच्याशी बांधलेला मेलेला योद्धा या झकास कल्पनेचं आपण गेममध्ये पार मातेरं केलंय. काळं चिलखत, निळे चमकणारे डोळे, मालक बोट दाखवेल तिकडे धावत सुटायचं. त्या मेलेल्याला स्वतःचं काही म्हणणंच नाही. आणि शाप? एक मंत्र टाकला की उतरला!

आता जुना माल बघा. आइसलँडमध्ये १३व्या शतकात लिहिली गेलेली हेर्वोरची सागा, म्हणजे तिकडची जुनी वीरकथा. राजा स्वाफ्रलामी दोन बुटक्या कारागिरांना पकडतो आणि जिवाच्या धाकाने त्यांच्याकडून तलवार घडवून घेतो. सोन्याची मूठ, गंजणार नाही, लोखंड कापडासारखं कापेल. ते घडवून देतात आणि जाता जाता सांगतात, म्यानातून निघाली की दरवेळी एक बळी घेईल, तीन नीच कृत्यं हिच्या हातून होतील, आणि तुझं मरणही हिच्यातच आहे. वेठीला धरल्याची वसुली! तलवारीचं नाव तिर्फिंग.

पुढे ती अंगांतीर नावाच्या योद्ध्याकडे येते. तो अकरा भावांसह साम्सो बेटावर मारला जातो आणि तलवारीसकट पुरला जातो. (हे बेट खरंखुरं आहे, डेन्मार्कमध्ये. आज तिथले बटाटे आणि पवनचक्क्या प्रसिद्ध आहेत.) बाप गेल्यावर जन्मलेली त्याची मुलगी हेर्वोर पुरुषवेशात, व्हायकिंगांची टोळी घेऊन तिथे पोचते. दिवस मावळलाय, थडग्यांभोवती आगी पेटल्यात, वाटेत भेटलेला गुराखी ‘वेडी आहेस का’ म्हणून पळ काढतो. ती एकटी आगीतून चालत जाते आणि बापाला उठवते. माझा वारसा दे.

आणि बाप चक्क खोटं बोलतो! तलवार माझ्याकडे नाहीच म्हणतो. ती ऐकत नाही, मेलेल्यांना शिव्याशाप देते. मग तो कबूल करतो की माझ्या खांद्याखाली आहे, आगीने वेढलेली, पण हिच्यापायी तुझं सगळं कुळ बुडेल. ती म्हणते, माझी मुलं पुढे कशी भांडतील याची मला पर्वा नाही. पोरगी आता आगीत हात घालणार असं दिसल्यावर तो हरतो आणि तलवार देऊन टाकतो. कोणी त्याला मंत्राने बांधलेलं नाही. पोर जळेल ही भीती त्याला पुरते.

पुढे तेच होतं. हेर्वोरचा मुलगा हैद्रेक याच तलवारीने भावाला मारतो. त्याला त्याचेच गुलाम हिनेच झोपेत संपवतात. नातवांच्या पिढीत सावत्र भाऊ ह्लोद अर्धा वाटा मागतो, गादीवरचा भाऊ तिसरा हिस्सा देऊ करतो, दरबारातला एक म्हातारा ‘दासीपुत्राला एवढं पुष्कळ झालं’ म्हणतो, आणि युद्ध पेटतं. आता सांगा, यात शाप कुठे संपला आणि भाऊबंदकी कुठे सुरू झाली? मला तरी ती रेघ दिसत नाही, आणि म्हणूनच ही कथा अंगावर येते.

कमेंटमध्ये कोणीतरी अश्वत्थामा काढणारच. काढा, पण तिथे शाप माणसाला आहे, अस्त्राला नाही.

२००२च्या वॉरक्राफ्ट ३ या गेमला मात्र मी मार्क देते. फ्रॉस्टमोर्न ही तलवार शापित आहे हे राजपुत्र आर्थसला आधीच कळतं, त्याचा सोबती मुरादिन सावध करतो, तरी तो प्रजेला वाचवायच्या हट्टापायी ती उचलतो. इथवर हेर्वोरच्या तोडीचं. पण मग तलवार त्याचा आत्माच गिळते आणि त्यानंतरच्या सगळ्या पापांचं बिल तलवारीच्या नावावर फाडता येतं. सिंहासनावरच्या बापाला मारणारा आर्थस होता की तलवार, या प्रश्नाला सोयीस्कर उत्तर मिळतं. हेर्वोरला अशी पळवाट नव्हती. ती पूर्ण शुद्धीत होती.

म्हणून गेम बनवणाऱ्यांना माझी एकच मागणी आहे. थडग्यातल्या योद्ध्याला खोटं बोलू द्या, नाही म्हणू द्या. त्याला मारून तलवार मिळताच कामा नये. खेळणाऱ्याला त्याच्याशी भांडावं लागू दे.