‘एमबीए सीईटीचं गणित म्हणजे दहावीचंच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एमबीए सीईटीचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेश परीक्षेचे फॉर्म सुटले की हा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. एमबीए सीईटीचं गणित दहावीचंच असतं, वेगळा अभ्यास नको. वैदिक गणिताच्या पन्नास ट्रिक्स पाठ करा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे येत नसेल तिथे बिनधास्त ‘सी’ पर्याय मारा. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी गणिताच्या नादाला न लागता रीझनिंगवर जोर द्यावा. आणि रोज एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा. यातलं काहीच धडधडीत खोटं नाही, म्हणून तर लोक ते डोळे झाकून पुढे ढकलतात.

‘दहावीचंच आहे’

पातळी साधारण शाळेचीच, हे कबूल. पण दहावीला बीजगणित आणि भूमितीचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर, प्रत्येकाला दोन तास, आणि उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. सीईटीत आतापर्यंतच्या पॅटर्नप्रमाणे 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे सरासरी 45 सेकंद. त्यातले 50 गणिताचे. पायऱ्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

एक उदाहरण घ्या. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज 12 आहे. अंकांची अदलाबदल केली की संख्या 18 ने वाढते. संख्या कोणती? पर्याय 39, 48, 57, 75, 84. दहावीच्या पहिल्याच धड्यातलं, दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचं गणित. बोर्डाची सवय असलेला मुलगा ‘समजा, दशकस्थानचा अंक x’ इथून सुरुवात करतो, दोन समीकरणं मांडतो, सोडवतो, वर ताळाही करून बघतो. उत्तर बरोबर येतं, पण तोवर दोन मिनिटं गेलेली असतात. खरं तर संख्या वाढते म्हटल्यावर 75 आणि 84 लगेच बाद. अंक उलटवले की फरक अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट असतो. 18 म्हणजे अंकांत दोनाचा फरक. 57. कागदावर काही लिहावंही लागलं नाही. गणित दहावीचंच, पण असं सोडवायला दहावीत कोणी शिकवलेलं नसतं. वेगळा अभ्यास करायचा तो याचाच.

‘ट्रिक्स पाठ करा’

97 गुणिले 96 चटकन करायची युक्ती छान आहे. 100 ला तीन कमी, चार कमी. 97 मधून 4 गेले 93, तीन चोक बारा, उत्तर 9312. रीलमध्ये बघायला मजा येते. फक्त पेपरात दोन्ही आकडे शंभराला असे चिकटून क्वचितच येतात.

येतं ते असं: दुकानदार खरेदीवर 40% चढवून छापील किंमत ठेवतो आणि 25% सूट देतो, नफा किती? घाईत असणारा 40 मधून 25 वजा करतो, आणि ते 15% पर्यायांत हमखास वाट बघत बसलेलं असतं. शंभराचे 140 झाले, आणि 25% सूट म्हणजे पाऊणपट. आपल्या आजी-आजोबांना पाऊणकी तोंडपाठ असायची: चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे 105, नफा 5%. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्ध्या, सव्वा, दीड पटीचे पाढे शाळेतून गेले ते गेलेच, पण टक्केवारीच्या गणितांना त्यांच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही. पाठच करायचं तर ते करा; सोबत एकसप्तमांश म्हणजे सुमारे 14.28%, एकअष्टमांश म्हणजे 12.5% असे अपूर्णांक आणि तीसपर्यंतचे वर्ग. पन्नास ट्रिक्सपैकी कुठे कोणती लागते हे आठवण्यातच 45 सेकंद निघून जातात.

‘सी मारा’

रिकामं काही सोडू नये, एवढं खरं. शेवटची दोन मिनिटं त्यासाठी राखून ठेवावीत. पण पर्याय पाच धरले, तर डोळे मिटून 20 ठिकाणी केलेल्या खुणांपैकी सरासरी चारच बरोबर येतील. शिवाय हॉलमधला प्रत्येक जण तेच करतो आहे आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत यावर लागतो. सगळ्यांनाच मिळालेल्या फुकटच्या गुणांनी तुमचा नंबर वर सरकत नाही. वरच्या उदाहरणासारखे दोन पर्याय उडवून उरलेल्या तिनांतून निवडलंत, तर गोष्ट वेगळी.

‘कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी सोडून द्या’

या मुद्द्याचा मात्र राग येतो. रीझनिंगचे 75 प्रश्न, अॅब्स्ट्रॅक्टचे (आकृत्यांवरच्या रीझनिंगचे) 25, इंग्रजीचे 50 आणि गणिताचे 50. चौथा हिस्सा पेपर सोडून द्यायचा सल्ला इंजिनिअरला कोणी देत नाही. इंटिग्रेशन इथे विचारत नाहीत. विचारतात ती टक्केवारी, गुणोत्तर, व्याज, काळ-काम, तक्ते आणि आलेख. खरेदीवर 25% नफा म्हणजे विक्रीवर 20%, हे बीकॉमच्या मुलीने अकाउंट्समध्ये केलेलं असतं. चार वर्षं कॅल्क्युलेटर दाबणाऱ्या इंजिनिअरला ते थांबून आठवावं लागतं. आर्ट्सच्या मुलांची शाळेनंतर गणिताशी गाठच पडलेली नसते, त्यांना वेळ जास्त लागेल, हे खरं. त्यांनी टक्केवारी आणि गुणोत्तरापासून सुरुवात करावी, कारण नफा-तोटा, व्याज आणि मिश्रणं त्यांच्यावरच उभी आहेत. क्रमचय-संचय नंतर बघता येतं.

‘रोज एक मॉक’

मॉक दिल्यावर चुकलेली गणितं घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. आता सुटली तर अडचण वेगाची किंवा प्रश्न निवडण्याची. तरीही अडलात तर तो धडाच कच्चा आहे, आणि आणखी दहा मॉक दिल्याने तो पक्का होणार नाही. अडीच तासांचा पेपर नीट तपासायला जवळपास तेवढाच वेळ जातो. तेव्हा रोज एक मॉक देणाऱ्याने एक तर तपासणं सोडलेलं असतं, नाही तर कॉलेज.