आठ किलोच्या व्हीलचेअरचा मेसेज

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: आई-वडिलांना प्रवासाला न्यायचंय ना, मग आठ किलोची घडीची व्हीलचेअर घ्या. हलकी म्हणून ढकलायला सोपी, विमानात हातातल्या सामानासारखी नेता येते, बॅटरीची घेतली तर सोबत कुणी लागतच नाही, आणि खर्च नको असेल तर विमानतळावर फुकट मिळतेच. चारही गोष्टींत थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच लोक डोळे मिटून पुढे पाठवतात.

आधी ढकलण्याचं बघू. माणूस 65 किलोचा धरा. साधी स्टीलची खुर्ची 18 किलोच्या आसपास, म्हणजे एकूण 83. आठ किलोची घेतली तर 73. एवढं वजन कमी झाल्याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण तो छोट्या चाकांत गडप होतो. परवडणाऱ्या किमतीत खुर्ची आठ किलोवर आणायची तर मागची 24 इंची चाकं जातात आणि आठ-बारा इंची येतात. मॉलच्या फरशीवर ही खुर्ची सुरेख पळते. देवळाबाहेरच्या दगडी फरसबंदीवर किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र प्रत्येक फटीत अडते, आणि बसलेला माणूस पुढे हिसकला जातो. मग खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यायची. वाळूचं तर नावच काढू नका.

याहून मोठी अडचण मेसेजमध्ये औषधालाही नाही. छोट्या चाकांच्या खुर्चीत बसलेल्याला स्वतःहून हलता येत नाही, कारण हाताने फिरवायला चाकच नसतं. ज्यांचे हात धडधाकट आहेत अशा माणसालाही मग खिडकीपाशी जायचं तरी मुलाला हाक मारावी लागते. मोठ्या चाकांच्या आणि तरीही दहा किलोच्या आतल्या खुर्च्या असतात, टायटॅनियमच्या, कार्बन फायबरच्या, किंमत लाखांत. मला विचाराल तर हात चालत असतील त्यांनी 12 ते 15 किलोची, मोठ्या चाकांची अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी. मागची चाकं बटण दाबून निघणारी असली तर उत्तमच.

मग हलकेपणा कुठे कामाला येतो? उचलताना. गाडीच्या डिकीत टाकताना, लॉजच्या चार पायऱ्या चढवताना, आणि सगळ्यात जास्त रेल्वेत. आपल्याकडचे उंच फलाटसुद्धा 760 ते 840 मिलिमीटरचे, डब्याची जमीन 1,300च्या आसपास. म्हणजे माणसाला धरून चढवायचं आणि खुर्ची वेगळी वर घ्यायची. तिथे सहा-सात किलोंचा फरक कंबरेला लगेच कळतो. फक्त जाहिरातीतलं वजन खरं धरू नका. ते बरेचदा फूटरेस्ट काढून मोजलेलं असतं. दुकानात काट्यावर ठेवायला लावा. आणि हलक्या खुर्चीच्या हँडलला जड पिशवी अडकवू नका. बसलेला माणूस उठला की खुर्ची मागे कोलमडते.

हातातल्या सामानाचं विधान चटकन निकालात निघतं. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची नेहमीची मर्यादा सात किलो, आणि घडी केलेली खुर्चीही सहसा डोक्यावरच्या कप्प्यात मावत नाही. ती खालच्या सामानात जाते.

बॅटरीचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या, नाहीतर तिकीट काढूनही विमानतळावर अडकाल. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये न्यावी लागते, तीही 300 वॅट-अवरपर्यंतचीच (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), आणि विमान कंपनीची परवानगी आधी घेऊन. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की आकडा मिळतो. 24 व्होल्ट, 12 अँपिअर-अवर म्हणजे 288: चालेल. 24 व्होल्ट, 20 अँपिअर-अवर म्हणजे 480: नाही. ‘जास्त रेंज’ म्हणून दुकानदार ही दुसरीच गळ्यात मारतो. शिवाय मोटर आणि बॅटरी धरून ही खुर्ची सहसा साध्या खुर्चीपेक्षा जड भरते. सोबत कुणी नको म्हणता, मग डिकीत ती उचलून ठेवणार कोण?

राहिली विमानतळावरची फुकट खुर्ची. मिळते, पण वेळेवर मिळेलच असं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याने व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती. खुर्च्या कमी पडल्या. एक मिळाली, ती पत्नीला दिली. पती चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि दगावले. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने विमान कंपनीला 30 लाखांचा दंड केला. तेव्हा निदान 48 तास आधी कळवाच, आणि शक्य असेल तर आपली खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरा. तिथे टॅग लावताना ‘उतरल्यावर दारातच हवी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ती थेट सामानाच्या पट्ट्यावर येते. गादी आणि फूटरेस्ट काढून जवळ ठेवा; सामानात हरवतात ते हेच सुटे भाग.