साध्या राहणीसाठी लागणारे मनुष्यबळ

आधुनिक सोयींचा त्याग करून पूर्वीसारखे साधे जगायचे आपण ठरवलेच असेल, तर तो त्याग प्रत्यक्षात करणारे दुसरे कोणीतरी घरात आहे याची आधी खात्री करून घ्यावी. या अटीने बिचकण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी, म्हणजे त्यांच्यातील पुरुषांनी, शतकानुशतके साधी राहणी पाळली ती याच व्यवस्थेच्या जोरावर, आणि परंपरा जपायची तर ती मुळासकट जपली पाहिजे.

आरंभ जात्यापासून करावा. गिरणीत पीठ तापते आणि त्यातले सत्त्व निघून जाते, असे आपण कोठेतरी वाचलेले असेलच. जाते जुन्या बाजारात मिळते; ते घरापर्यंत आणणे हा हमालाचा प्रश्न आहे. दळायला बसायचे ते पहाटे, कारण पूर्वीच्या बायका पहाटेच बसत. उजाडल्यावर पाणी, सरपण, शेत आणि मुले यांतून त्यांचे हात मोकळे होत नसत म्हणून त्या तेव्हा बसत, हे खरे. परंतु तसे सांगितल्याने ब्राह्ममुहूर्ताचे माहात्म्य उणावते, म्हणून सांगू नये. काही काळाने पीठ भरड पडू लागले की जात्याला टाकी लावून घ्यावी लागते, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून घ्यावा लागतो, आणि ते काम करणारी माणसे हल्ली दारावरून हाका देत जात नाहीत. तोवर भरड पिठात चोथा अधिक असतो असे म्हणून भाकरी खावी.

ओव्यांचा उल्लेख मात्र न चुकता करावा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या आहेत, तेव्हा जात्याच्या छायाचित्राखाली घालायला मजकुराचा तुटवडा नाही. निवड तेवढी जपून करावी. विठ्ठलाच्या आणि भावाच्या ओव्या घ्याव्यात. सासुरवासाच्या आणि बाईच्या जन्माला बोल लावणाऱ्या ओव्याही त्यात पुष्कळ आहेत, त्या वगळाव्यात, नाहीतर दळणारीला या कामाविषयी स्वतःचे काही मत होते असा वाचकांचा गैरसमज होतो.

त्यानंतर चूल. महामार्गावर ‘चुलीवरची मिसळ’ अशी पाटी दिसताच आपण गाडी थांबवतो, तर घरच्या आमटीने काय घोडे मारले आहे? सरपण ओले निघाले की फुंकणीने फुंकताना डोळे चुरचुरतात, पातेल्याच्या बुडाला काजळी धरते आणि ओढणी दुसऱ्या दिवशीपर्यंत धुरकट वासाची राहते. यालाच मातीशी नाते म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, परंतु आकडेवारी ही आधुनिक गोष्ट असल्यामुळे साधे जगणाऱ्याने ती मनावर घेऊ नये. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या असंख्य बायकांनी गॅससाठी अर्ज केले, आणि पुढे सिलिंडर महागल्यावर त्यांतल्या अनेकजणी पुन्हा चुलीपुढे बसल्या. त्यांच्यात आणि आपल्यात तत्त्वाचा भेद आहे, हे विसरू नये: त्यांना गॅस परवडत नाही म्हणून त्या चूल पेटवतात, आपल्याला चूल परवडते म्हणून आपण.

पितळी भांड्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्यांना वेळेवर कल्हई केली नाही तर ताक आणि चिंचेची आमटी कळकते, एवढे पाहुण्यांना आधी सांगावे. भांडी घासायला येणाऱ्या मावशी चिंच आणि राख हातात घेऊन ‘दादा, हे मोडीत कधी घालायचं?’ असे विचारतील. त्यांच्या घरी स्टीलची भांडी आणि मिक्सर आहे, यावरून आपला समाज मुळापासून किती तुटला आहे ते ध्यानात यावे.

कोणीतरी डॉ. हेमा साने यांचे नाव घेईल. वनस्पतिशास्त्राच्या या प्राध्यापिका पुण्याच्या बुधवार पेठेत, भर शहरात, विजेची जोडणी न घेता राहिल्या, त्यांनी पुस्तके लिहिली, आणि लोकांनी तसेच राहावे असा उपदेश करण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. हे उदाहरण आदरपूर्वक बाजूला ठेवावे. त्यात गैरसोय सोसणारी आणि ती निवडणारी व्यक्ती एकच असल्यामुळे ते सर्वसामान्य गृहस्थाला झेपणारे नाही.

त्यागाचा क्रमही आधीच ठरवलेला बरा. मिक्सर, कुकर, गॅस आणि धुण्याचे यंत्र ताबडतोब सोडावे, कारण त्यांच्यावाचून आपले व्यक्तिशः काही अडत नाही. मोटार आणि मोबाइल यांचा विचार पुढील पिढीवर सोपवावा. लिफ्टचा विषय सातव्या मजल्यावर राहणाऱ्याने काढूच नये. आणि एवढे करूनही घरातून ‘मग उद्यापासून तुम्हीच दळा’ असा प्रस्ताव आलाच, तर जवळची गिरणी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते याची चौकशी फोनवरून, हळू आवाजात, करून ठेवावी.