एक्झॉस्ट फॅन पुरतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब. तुमचं म्हणणं असं, की बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या चार मशीनच्या वर्कशॉपला ऑइल मिस्ट कलेक्टर, म्हणजे मशीनमधलं तेलाचं धुकं ओढून गाळणारं यंत्र, ही चैन आहे, भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवला की भागतं. आणि आर्द्रतामापकाला लॅबचं सर्टिफिकेट असताना तो पुन्हा तपासायचा खटाटोप कशाला.

साध्या लेथवर ब्रशने कूलंट (धातू कापताना थंडाव्यासाठी वापरायचा द्रव) लावत असाल तर कलेक्टर नकोच. सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, तसं नाही. कूलंट दाबाने सुटतं, फिरत्या चकवर (काम धरणाऱ्या पकडीवर) आपटतं आणि त्याचं धुकं होतं. एक मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत मीटरभर खाली यायला आठ-नऊ तास घेतो. अख्खी शिफ्ट तो ऑपरेटरच्या नाकासमोर. दमा आणि फुप्फुसाचे विकार यातून जडू शकतात. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने १९९८ मध्ये हवेतल्या या धुक्यासाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली ती त्यासाठीच.

फॅन हे धुकं बाहेर टाकतो, कबूल. पण जेवढी हवा बाहेर गेली तेवढीच दारा-खिडक्यांतून आत येणार, आणि जुलैतली बेळगावची हवा कशी असते ते तुम्हाला मी काय सांगायचं! मशीनिंग झालेल्या कास्टिंगवर (ओतीव लोखंडी भागावर) रात्रीत गंजाचा तांबूस थर चढतो. कलेक्टर मशीनच्या कॅबिनमधूनच हवा ओढतो, फिल्टरमध्ये थेंब एकमेकांना मिळून तेल खाली निथळतं आणि गाळलेली हवा शॉपमध्येच राहते. बाहेरचा ओलावा ओढून घ्यावा लागत नाही.

हा ओलावा मोजायचा, तर मापकावर भरवसा हवा. सर्टिफिकेट सांगतं ते लॅबमधल्या त्या दिवसाचं. पुढे तो मशीनशेजारी टांगला, की सेन्सरवर तेल बसतं आणि आकडा भरकटतो. हवाबंद डब्यात मीठ आणि थोडंसंच पाणी घ्या. न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. त्याला न टेकवता मापक आत ठेवा आणि झाकण लावून रात्रभर सोडा. २५ अंशांना ७५ टक्के दाखवायला हवेत. मॅग्नेशियम क्लोराइड घेतलंत तर ३३. दोन्ही करा, कारण एका टोकाला बरोबर असलेला मापक दुसऱ्या टोकाला चुकू शकतो. ही फक्त पडताळणी. फरक मोठा निघाला तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतातली संस्था) मान्यतेच्या लॅबकडेच पाठवा.

कलेक्टरचा खर्च यंदा झेपणार नसेल, तर निदान सायकल संपताच कॅबिनचं दार उघडायची घाई थांबवा आणि कूलंटचा दाब गरजेपुरताच ठेवा. मापक मशीनजवळून काढून इन्स्पेक्शन टेबलापाशी लावा.