पाट्याच्या सुरीला थंड पाणी देऊ नका

ट्रेकवाल्यांच्या गटांतून एक संदेश फिरतोय: ‘जंगलात वापरायची सुरी करून घेताय? चुंबक चिकटला तर माल नकली. ट्रकचा कुठलाही जुना पाटा आणा, लालबुंद करा, थंड पाण्यात बुडवा, धार आयुष्यभर जाणार नाही. पोलाद जितकं कठीण तितकं भारी. स्टेनलेस घेऊच नका.’ हे वाचून माझा भाचा भंगारातून पाटा (ट्रकच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) घेऊन आला, म्हणून लिहावं लागतंय.

चुंबकाचं आधी संपवतो. हा भांड्यांचा नियम सुरीला चिकटवलाय. भांड्यांचं ३०४ स्टील चुंबकाला सहसा चिकटत नाही, आणि नेमकं तेच तापवून-बुडवून कठीण होत नाही. सुरीची नेहमीची सगळी पोलादं, स्टेनलेससुद्धा, चुंबकाला चिकटतात. पातं चिकटलं नाही तर घेऊ नका.

आता पाण्याचं. या सल्ल्यात इजा होण्याचा खरा धोका इथे आहे. आपल्याकडचे पाटे ईएन-४५, एसयूपी-९ अशा पोलादांचे असतात. कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा वर, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. ही तेलात बुडवायची पोलादं. पाण्यात बाहेरचा थर क्षणात कडक होतो, आतला भाग नंतर बदलताना फुगतो, आणि पातं तडकतं. तडा बऱ्याचदा केसाएवढा असतो, दिसत नाही. शिवाय संदेशात टेंपरचा, म्हणजे बुडवल्यावर पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा कमी करण्याचा, उल्लेखच नाही. बुडवून तसंच ठेवलेलं पातं ओंडका फोडताना तुटतं आणि तुकडा उडतो.

एसयूपी-९ असेल तर असं करा: धार लावण्याआधी कड साधारण १ मिमी जाड ठेवा. चुंबक सुटेपर्यंत (सुमारे ७७० अंश) तापवा, मग अजून थोडं, ८३० ते ८५०. त्याहून जास्त नको, पोलादाचा आतला दाणा मोठा होऊन पातं ठिसूळ होतं. ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या गोडेतेलात टोकाकडून सरळ बुडवा, आडवं हलवू नका, वाकतं. जळकं इंजिन ऑइल नको, धूर विषारी. कानस धारेवरून घसरली म्हणजे पातं कडक झालं. लगेच २०० अंशांवर दोन तास, गार होऊ द्या, पुन्हा दोन तास. कठीणपणा साधारण ५७-५८ एचआरसी (कठीणपणाचं रॉकवेल माप) येतो.

लोहार विळ्या-कोयत्याला पाणीच देतात, हे मान्य करावं लागेल. पण ते धारेपुरतं देतात आणि पाठीतली उरलेली धग धारेकडे उतरू देतात. तोच त्यांचा टेंपर. संदेशात नेमका तो गाळलाय.

आणि ‘कुठलाही जुना पाटा’? वर्षानुवर्षं वाकून त्यात बारीक तडे गेलेले असू शकतात. स्प्रिंगवाल्याकडून नव्या पट्टीचा तुकडा घ्या, ग्रेड विचारून.

कठीण तितकं भारी, हेही चूक. डी-२ या हत्यारी पोलादाला ६१-६२ एचआरसीपर्यंत नेता येतं आणि दोर, पुठ्ठा ते छान कापतं, पण त्यातल्या क्रोमियमच्या मोठ्या कार्बाइडमुळे (कार्बनशी जोडलेले कठीण कण) आपटल्यावर धारेला दाते पडतात. अमेरिकी धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांच्या चिवटपणाच्या चाचण्यांत डी-२ हे ५१६० च्या (पाट्याच्याच जातीचं अमेरिकी पोलाद) बरंच खाली आहे. लाकूड फोडायचं असेल तर चिवटपणा आधी बघा.

स्वस्त स्टेनलेसची धार टिकत नाही, इतकं खरं. पण त्याच चाचण्यांत १४सी२८एन हे स्टेनलेस चिवटपणात वरच्या रांगेत आहे आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत ते चांगलं टिकतं. मात्र त्याला १०५० अंशांच्या वर नेमकं तापमान लागतं, लोहाराच्या भट्टीत ते जमत नाही. व्हॅक्यूम भट्टीवाल्याकडेच द्या. तो खर्च नको असेल तर पाट्याचं पोलाद चांगलं, फक्त वापरून झालं की पुसून तेलाचा हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.