तिसऱ्या रात्रीचा गोंधळ आणि भुलेवरचा आळ

नमस्कार ताई,

वृद्धांना ऑपरेशननंतर होणाऱ्या भ्रमावरच्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, सगळा भार मी नातेवाइकांच्या गळ्यात मारला; लेखात सांगितलेलं चष्मा, घड्याळ, ओळखीची माणसं सगळं तुम्ही सांभाळलंत, तरी खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री सासरे नळ्या उपसायला लागले. दोन, हे पूर्ण बेशुद्ध करणाऱ्या भुलेमुळेच झालं, कमरेत भूल द्यायला हवी होती आणि मी ते लिहायचं टाळलं. तीन, झोपेची गोळी नको म्हणणं सोपं आहे, रात्र काढायची कोणी?

पहिला आक्षेप मान्य. डॉक्टरांचा वाटा मी एका ओळीत उरकला होता. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या १२६ रुग्णांवरचा २००१ सालचा एक अभ्यास आहे. त्यात वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ रोज येऊन औषधं, वेदना, ऑक्सिजन, पाणी, लघवी-शौच असं सगळं तपासत. भ्रमाचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ वर आलं. एवढं करूनही तिघांत एकाला झालाच. तेव्हा तुमच्याकडून काही राहिलं म्हणून हे झालं, असं मनात आणू नका.

दुसरा आक्षेप मात्र मान्य नाही. कमरेतली भूल की पूर्ण, याची खुब्याच्याच रुग्णांवर तुलना झाली आहे. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही गटांत साधारण पाचांत एकाला भ्रम झाला. पुढच्या वर्षी चीनमधल्या अभ्यासातही फरक दिसला नाही. आणि कमरेत भूल देऊन, आजोबा घाबरू नयेत म्हणून वर मिडाझोलाम हे गुंगीचं औषध टोचलं, तर मिळवलं काय?

शिवाय तुम्हीच लिहिलंय, तिसरी रात्र. भूल उतरतानाची बडबड ऑपरेशननंतरच्या रिकव्हरी खोलीतच दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमला तर कारण वॉर्डात शोधायचं. ते बहुधा एकटं नसतं.

सगळ्यात जास्त निसटतं ते लघवी तुंबणं. लघवीची नळी काढलेली असते, डायपर ओला दिसतो, सगळे निश्चिंत. पण मूत्राशय काठोकाठ भरलं की थेंब थेंब गळत राहतं आणि डायपर त्यानेच ओला होतो. आजोबांना सांगता येत नाही. ते चादर ओढतात, पाय खाली टाकतात, उठू बघतात. बेंबीखाली हात ठेवून बघा. घट्ट, गोल लागतंय आणि हलकं दाबलं तरी कळवळतात? लगेच सिस्टरना सांगा, मूत्राशयाचा स्कॅन करायला लावा. कधी कधी अर्धा लिटर लघवी निघते आणि माणूस तासाभरात भानावर येतो. म्हणून नळी ठेवूनच द्यावी असंही नाही. तिच्यामुळे जंतुसंसर्ग होतो, माणूस खाटेला बांधला जातो. ती शक्यतो २४ ते ४८ तासांत निघालेली बरी. चार दिवस पोट साफ नसेल तर तेही सांगा.

मग सोडियम. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत थायझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारं औषध असतं, नावापुढे ‘एच’ लावलेलं. ऑपरेशननंतर शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात सलाईन चालूच. १३५ ते १४५ हवं असलेलं सोडियम घसरतं आणि माणूस बरळू लागतो. भ्रम दिसला की त्याच दिवशी तपासायला सांगा; सोबत ऑक्सिजन, साखर, छाती आणि लघवीचा संसर्गही.

एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. सासरे रोज थोडी घेत होते का? दारू एकदम तुटली की आधी कंप, घाम सुरू होतात आणि ४८ ते ७२ तासांत भास, भ्रम उसळतो, म्हणजे नेमकी तिसरी रात्र. तिथे उपचार उलटा असतो: थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं आणि एरवी टाळतो ती बेन्झोडायझेपिन गटातली गुंगीची औषधंही द्यायची. घरच्यांनी संकोचाने लपवलं तर डॉक्टर भलत्याच वाटेने जातात. तंबाखू-मशेरी तुटल्यानेही तगमग होते.

डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं ते असं. पॅरासिटामॉल ‘दुखलं तर’ नको, ठरल्या वेळेला, वजन आणि लिव्हर बघून. खुब्यासाठी जांघेतला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे तिथली नस बधिर करणारं इंजेक्शन, शक्य तितक्या लवकर. तीव्र वेदनाशामकांपैकी पेथिडिन नको, ट्रामाडॉल जपून. खाज आली, रक्त चढवायचंय म्हणून सर्रास दिलं जाणारं एव्हिल हे ॲलर्जीचं औषध सत्तरीच्या माणसाला नको. ते डोकं गढूळ करतं आणि लघवीही अडवतं. ऑपरेशनआधी साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं का, हे भूलतज्ज्ञांना विचारा. ऑपरेशनांची यादी पुढे ढकलली की म्हातारी माणसं आदल्या रात्रीपासून कोरडी पडून राहतात.

आता रात्र. नवी झोपेची गोळी सुरू करू नये, हे माझं म्हणणं आहे. वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम घेणाऱ्याची मात्र एकदम तोडायची नाही. भरतीच्या वेळीच सांगायची. रात्र खरी दिवसा घडते: पडदे उघडे, जेवण खुर्चीत, दुपारची झोप अर्ध्या तासापुरती, आणि डॉक्टरांनी होकार दिला की दुसऱ्या दिवसापासून वॉकर. दोघांनी पाळ्या करा, नऊ ते एक आणि एक ते पाच. रोज तीच दोन माणसं. तब्येत स्थिर असेल तर रात्री दोनचं बीपी टाळता येईल का, सलाईन दिवसा संपवता येईल का, हे सिस्टरना विचारा. हात बांधल्याने झटापट वाढते. त्यापेक्षा नको असलेली प्रत्येक नळी काढून टाकायला सांगा आणि हातातली सुई बाहीखाली झाका.

लेखात राहिलेली आणखी एक गोष्ट: भ्रमलेला माणूस दंगाच करतो असं नाही. ज्याच्याबद्दल आपण ‘किती शांत झोपलेत’ म्हणतो, तोही त्यातलाच असू शकतो. सकाळ-संध्याकाळ वार उलटे विचारा, शनिवार, शुक्रवार, गुरुवार. काल जमत होतं आणि आज मध्येच हरवतात, तर राउंडची वाट बघू नका.